जँगोत ‘मेल पाठवली आहे’ असं पान दिसतं, पण सभासदांना मेल मिळत नाही: कुठे अडलंय ते कसं शोधायचं

सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. जँगोवर (पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या साधनावर) केलेल्या वाचनालयाच्या ॲपमधून पासवर्ड रीसेटची मेल सभासदांना मिळत नाही, या प्रश्नासोबत तुम्ही सेटिंग्जची अख्खी फाइल चिकटवली आहे. त्यात मेलबॉक्सचा पासवर्ड आणि जँगोची सीक्रेट की (लॉगिन आणि रीसेटच्या लिंक खऱ्या आहेत हे जँगो जिच्यावरून ओळखतं ती गुप्त किल्ली), दोन्ही उघडी आहेत. आता ती ओळ खोडून भागणार नाही. ज्याला उचलायचं होतं त्याने उचललं असेल असंच धरून चाला. मेलबॉक्सचा पासवर्ड बदला, नवी की तयार करा आणि दोन्ही गोष्टी फाइलीतून काढून सर्व्हरच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सर्व्हरवर साठवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवा. कोड गिटवर (कोडच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनावर) असेल तर जुनी की तिथल्या इतिहासात राहतेच, म्हणून बदलणं महत्त्वाचं, लपवणं नाही.

की बदलली की सभासदांचे पासवर्ड बाद होतील, अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही. पासवर्डच्या हॅशचा (डेटाबेसमध्ये साठवलेल्या, उलट न करता येणाऱ्या रूपाचा) त्या कीशी संबंध नसतो. सगळे एकदा लॉगआउट होतील आणि आधी पाठवलेल्या रीसेटच्या लिंक चालणार नाहीत, एवढंच. फक्त एक चूक टाळा: की बनवणारं फंक्शन थेट सेटिंग्जमध्ये लिहून ठेवू नका. गनिकॉर्नचे (सर्व्हरवर जँगो चालवणाऱ्या प्रोग्रामचे) तीन वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन प्रती, असतील तर तिघं तीन वेगळ्या की घेऊन बसतात. मग माणूस लॉगिन करतो, दुसऱ्या पानावर जातो आणि बाहेर फेकला जातो, तेही कधी होतं आणि कधी होत नाही. हा दोष शोधण्यात माझी एक पूर्ण रात्र गेली आहे.

आता तुमचा प्रश्न, मला समजला तसा. वाचनालयासाठी तुम्ही जँगो 5.2 वर ॲप केलं. सहाशेच्या वर सभासद एक्सेलमधून आत घेतले. ठरवलं असं, की प्रत्येकाने ‘पासवर्ड विसरलात?’ वर जाऊन आपला पासवर्ड स्वतः ठरवायचा. लॅपटॉपवर सगळं चाललं. सर्व्हरवर चढवल्यावर ‘मेल पाठवली आहे’ असं पान येतं, पण सभासदांना मेल येत नाही. तुम्हाला स्वतःला आली, ती स्पॅममध्ये, आणि तिच्यातली लिंक 127.0.0.1:8000 (‘हाच संगणक’ असा आतला पत्ता) अशी होती. तीन दिवसांत मेलबॉक्सचा पासवर्ड तीनदा बदलून झाला आणि आता तुम्ही विचारताय, की जँगोचं ऑथेंटिकेशन काढून स्वतःचं लिहावं का.

नका लिहू. ज्या भागावर तुमचा राग आहे, तोच भाग त्याचं काम चोख करतोय. ‘मेल मिळत नाही’ हा एक दोष आहे असं धरून तुम्ही चाललात, म्हणून तीन दिवस गेले. मला तुमच्या वर्णनात तीन वेगळे दोष दिसतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सभासदांची मेल तयारच झाली नाही. तुमची तयार झाली आणि निघाली, पण जीमेलने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आणि तिच्यातला पत्ता तिसऱ्याच कारणाने चुकला. एका मेलचा माग धरून जायचं आणि ती कुठे थांबली ते कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावायचा नाही, अशी माझी पद्धत आहे.

मेल तयारच का झाली नाही

रीसेटच्या पानावर कुठलाही पत्ता टाका, नोंदणी असलेला किंवा नसलेला, जँगो तेच पान दाखवतं. हे मुद्दाम केलेलं आहे. ‘हा पत्ता आमच्याकडे नाही’ असं उत्तर दिलं तर कोण सभासद आहे आणि कोण नाही, याची यादी बाहेरचा माणूस बसल्या बसल्या काढू शकतो. त्यामुळे ‘पाठवली आहे’ या पानाचा खरा अर्थ ‘असा सभासद असेल आणि पाठवता आली असेल, तर पाठवली आहे’ इतकाच आहे.

पडद्यामागे जँगो तीन गोष्टी बघतं: पत्ता जुळतो का, खातं चालू आहे का, आणि त्या खात्याला वापरण्याजोगा पासवर्ड आहे का. तिसऱ्या अटीपाशी तुमचे सभासद अडकले, याची मला जवळजवळ खात्री आहे. आयातीची जी स्क्रिप्ट तुम्ही दाखवली, तिच्यात प्रत्येक ओळीसाठी क्रिएट-यूझर (नवं खातं बनवणारं फंक्शन) बोलावलं आहे, पण पासवर्ड दिलेला नाही. अशा वेळी जँगो त्या खात्यावर ‘पासवर्ड नाही’ असा शिक्का मारतं. डेटाबेसमध्ये पासवर्डचा रकाना उघडून पाहा. तिथे उद्गारचिन्हाने सुरू होणारी अक्षरं दिसतील. ज्यांचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रणेत असतो, म्हणजे कंपनीच्या डिरेक्टरीतून लॉगिन करणारे लोक, त्यांच्यासाठी ही सोय आहे. त्यांना रीसेटची मेल जाऊ नये हे बरोबरच आहे. तुमचं सुपरयूझर खातं पासवर्ड टाकून बनलं होतं, म्हणून तुम्हाला मेल आली. लॅपटॉपवरचे चाचणीचे चार-पाच यूझरही तसेच बनवले असणार.

जँगोच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) जा आणि उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या पासवर्डचे किती यूझर आहेत ते मोजा. आकडा सहाशेच्या आसपास आला तर रोग सापडला. उपाय असा: पायथनच्या सीक्रेट्स मॉड्यूलने प्रत्येकासाठी एक लांबलचक अगम्य पासवर्ड बनवायचा, सेट-पासवर्ड वापरून तो लावायचा आणि कुठेही लिहून ठेवायचा नाही. तो कुणालाच माहीत नसतो, पण खातं ‘पासवर्ड असलेलं’ होतं आणि रीसेट चालू लागतं. काही मिनिटं लागतील. 5.2 मध्ये पीबीकेडीएफ2 या हॅशिंगच्या पद्धतीचे 10 लाख फेरे होतात, आणि ते संथ असावं हाच तर हेतू आहे. घाई करून मजकूर थेट रकान्यात लिहू नका. मी एका ठिकाणी सगळ्यांच्या रकान्यात मोबाइल नंबर जसाच्या तसा लिहिलेला पाहिला आहे. त्याने लॉगिन तर होत नाहीच, वर यादी कुणाच्या हाती लागली तर सगळे नंबर उघडे.

तेवढ्यात पत्तेही झाडून घ्या. एक्सेलमधून आलेल्या पत्त्यांत एखादं अक्षर चुकलेलं असतं, ते डोळ्यांना पटकन दिसत नाही. सभासद आपला पत्ता बरोबर टाकतो, जुळत नाही, आणि पान तेच दिसतं. जीमेलच्या जागी ‘जीमल’ आणि ‘कॉम’च्या जागी ‘कॉन’ लिहिलेले पत्तेही चार-दोन निघतीलच.

तयार झाली, पण निघाली का

इथे जँगोचं ॲप बाजूला ठेवायचं. मॅनेज डॉट पायमध्ये (जँगोच्या आज्ञा चालवणाऱ्या फाइलीत) ‘सेंडटेस्टईमेल’ अशी आज्ञा आहे. ती सर्व्हरवर चालवा, आपला पत्ता द्या. गेली तर एसएमटीपीची (मेलसर्व्हरकडे मेल सोपवण्याच्या पद्धतीची) जोडणी ठीक. चुकली तर त्रुटी समोर दिसेल. लॅपटॉपवर चाललं होतं याला इथे किंमत नाही, कारण तुमच्या लोकल सेटिंग्जमध्ये कन्सोल बॅकएंड आहे. तो मेल पाठवत नाही, टर्मिनलवर छापतो.

त्रुटी ॲपमधून का दिसली नाही, तेही सांगतो, कारण ही गोष्ट बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नाही. पूर्वी मेलसर्व्हर नाही म्हणाला तर रीसेटचं पान 500 (सर्व्हरमधली त्रुटी) देऊन कोसळायचं. पण ते फक्त खऱ्या सभासदाच्या पत्त्यावरच कोसळायचं, म्हणजे कोण सभासद आहे ते पुन्हा कळायचं. सप्टेंबर 2024 मधल्या सुरक्षा दुरुस्तीपासून (5.1.1, 5.0.9, 4.2.16) जँगो ती त्रुटी गिळतं आणि लॉगमध्ये लिहितं, ‘जँगो डॉट कॉन्ट्रिब डॉट ऑथ’ या लॉगरवर (त्रुटींची नोंद ठेवणाऱ्या भागावर). आता गंमत बघा. डीबग (चुका शोधण्यासाठीचा मोड) बंद असताना लॉगिंगची मूळ मांडणी अशी आहे, की गंभीर त्रुटी ॲडमिनला मेलने कळवल्या जातात. म्हणजे मेल जात नाही ही बातमी त्याच बंद मेलने येणार. ॲडमिनची यादी रिकामी असेल, तुमची आहे, तर ती बातमी कुठेच जात नाही. म्हणून लॉगिंगमध्ये या लॉगरला एखाद्या फाइलीचा किंवा कन्सोलचा हँडलर आजच जोडा.

सेंडटेस्टईमेल काहीच न बोलता नुसती अडकून बसली, तर पोर्ट (जोडणीचं क्रमांक असलेलं दार) बंद आहे असं समजा. पोर्ट 25 बाहेरच्या दिशेने बहुतेक क्लाउडवाले बंदच ठेवतात, काही जण 465 आणि 587 सुद्धा. पासवर्ड दहादा बदलला तरी तिथे फरक पडणार नाही. मेल पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा याच कारणासाठी 2525 हेही दार उघडं ठेवतात. 587 असेल तर यूज-टीएलएस, 465 असेल तर यूज-एसएसएल ही सेटिंग खरी करा. दोन्ही एकदम खरं ठेवलं तर मेल पाठवताना जँगो त्रुटी देतं. आणि ईमेल-टाइमआउटला 10 सेकंद द्या. मुळात तिथे काहीच मर्यादा नसते, त्यामुळे मेलसर्व्हर गप्प बसला की तुमचा वर्करही गप्प बसतो.

निघाली, पण स्पॅममध्ये का

तुमच्या फाइलीत मेलसर्व्हर होस्टिंगवाल्याचा आहे आणि पाठवणारा पत्ता वाचनालयाचा जीमेलवरचा. म्हणजे पाकिटावर शिक्का एका गावचा आणि आत पत्ता दुसऱ्या गावचा. जीमेलला कळतंच, की हे पत्र आपल्याकडून निघालेलं नाही.

नीट पाहायचं असेल तर ती स्पॅममधली मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून ‘मूळ दाखवा’ निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतील, पुढे पास किंवा फेल. एसपीएफ ही डोमेनमालकाने डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) लावलेली यादी: माझ्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. पण ती बघते पाकिटावरचा परतीचा पत्ता, वाचणाऱ्याला दिसणारा नव्हे. त्यामुळे एसपीएफ पास झालं आणि तरी मेल स्पॅममध्ये गेली, असं होऊ शकतं. डीकेआयएम ही मेलवरची सही. सही करणाऱ्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. डीमार्क विचारतं ते नेमकं: यातल्या एकाने तरी दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनसाठी ग्वाही दिली का? तुमच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. थोड्या मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच, आणि दिवसाला 5,000 च्या वर पाठवणाऱ्याला सगळंच.

आता काय करायचं हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. वाचनालयाच्या डोमेनचं डीएनएस तुमच्या हातात आहे का? हसू नका. माझ्या अनुभवात अशा संस्थांचं डोमेन कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी भाच्याने घेतलेलं असतं, भाचा आता परदेशात असतो, आणि लॉगिन त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर. तसं असेल तर तूर्त सगळंच जीमेलवर न्या: सर्व्हर जीमेलचा, पत्ताही जीमेलचा. त्यासाठी खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागेल. नेहमीचा पासवर्ड 2022 च्या मे अखेरीपासून चालत नाही. मोफत खात्यावर दिवसाला 500 ची मर्यादा आहे. एका वाचनालयाच्या रोजच्या वापराला ती पुरून उरते.

डीएनएस हाती असेल तर मात्र मी डोमेनचाच पत्ता वापरेन आणि मेल पाठवण्याचं काम एखाद्या तयार सेवेला देईन. सेवा देईल त्या डीकेआयएमच्या नोंदी जशाच्या तशा लावायच्या. एसपीएफची नोंद मात्र एकच असते. जुनी आहे म्हणून दुसरी शेजारी लावली तर दोन्ही बाद होतात. जुन्यातच भर घालायची. डीमार्क सुरुवातीला ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पातळीवर ठेवा. ॲमेझॉनची एसईएस ही मेलसेवा घेतलीत तर नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं: 24 तासांत 200 मेल, त्याही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. ‘मला येते, इतरांना येत नाही’ याचं हे आणखी एक कारण, तेव्हा बाहेर काढण्याचा अर्ज आधीच करून ठेवा.

लिंकमध्ये 127.0.0.1 कुठून आलं

जँगोच्या साइट्स ॲपचा वापर तुम्ही केलेला नाही, त्यामुळे लिंकमधलं डोमेन विनंतीच्या होस्ट हेडरमधून (विनंती कुठल्या डोमेनसाठी आहे ते सांगणाऱ्या ओळीतून) घेतलं जातं. एनजिन्क्सला (जँगोच्या पुढे उभं राहून विनंत्या आत पाठवणाऱ्या वेबसर्व्हरला) काही सांगितलं नाही तर तो ब्राउझरने दिलेलं होस्ट पुढे पाठवत नाही, प्रॉक्सीचा पत्ता पाठवतो. तोच तुमच्या लिंकमध्ये उमटला. एनजिन्क्समध्ये होस्ट हेडर पुढे पाठवणारी एक ओळ टाका. लिंक एचटीटीपीएसने सुरू व्हावी यासाठी मूळ प्रोटोकॉल सांगणारं हेडरही पाठवा आणि जँगोला सिक्युअर-प्रॉक्सी-एसएसएल-हेडरमधून ते कळवा.

तुमच्या फाइलीत दोन खुणा आहेत, ज्यांवरून हे आधीच ओळखता आलं असतं. अलाउड-होस्ट्समध्ये फुली (*) आहे, म्हणजे कुठलंही होस्ट चालेल. नसती तर 400 (चुकीची विनंती) आलं असतं आणि चूक त्याच दिवशी सापडली असती. सीएसआरएफ-ट्रस्टेड-ओरिजिन्समध्ये (कुठल्या साइटवरून आलेला फॉर्म चालेल, त्या यादीत) डोमेन टाकलेलं आहे. म्हणजे फॉर्म भरताना 403 (परवानगी नाही) आला होता आणि शोधून तुम्ही तो गप्प केलात. तो 403 याच आजाराचं पहिलं लक्षण होतं. एनजिन्क्स दुरुस्त झाल्यावर ती फुली लगेच काढा आणि तिथे फक्त आपलं डोमेन लिहा. फुली राहिली तर कुणीही खोटं होस्ट हेडर लावून सभासदाच्या नावाने रीसेट मागेल, सभासदाला खरी मेल जाईल, आणि तिच्यात लिंक असेल त्या भामट्याच्या साइटची.

लिंक किती टिकते, हेही तुम्ही विचारलंय. मूळ मुदत 2,59,200 सेकंद, म्हणजे तीन दिवस. पण लिंकमधलं टोकन (गुप्त खूण) बनवताना पासवर्डचा हॅश, शेवटच्या लॉगिनची वेळ आणि ईमेल पत्ता हेही त्यात मिसळलेलं असतं. यांतलं काहीही बदललं की लिंक मेली. जुना पासवर्ड आठवला म्हणून कुणी लॉगिन केलं, की त्या क्षणी लिंक बाद. ‘लिंक चालत नाही’ असा फोन आला की हा प्रश्न आधी विचारा.

एका ईमेलवर चार सभासद

हे तुम्ही विचारलं नाही, पण वाचनालय म्हटल्यावर येणारच. आजी, आजोबा, आई, वडील चौघेही सभासद आणि चौघांसाठी पत्ता पुण्यातल्या नातवाचा. ‘ईमेलने लॉगिन’ करायचा तुमचा पुढचा विचार आहे. माझं मत, नका करू. सभासद क्रमांक हेच यूझरनेम राहू द्या. जँगोच्या मूळ यूझरमध्ये ईमेल एकमेव असण्याची सक्ती नाही, आणि रीसेट मागितलं की त्या पत्त्यावरच्या प्रत्येक चालू खात्यासाठी वेगळी मेल जाते. फक्त मेलच्या मजकुरात सभासद क्रमांक ठळक लिहा, म्हणजे नातवाला कळेल कुठली लिंक कुणाची. स्वतःचं यूझर मॉडेल करायचं असेल तर ते प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी. सहाशे नोंदी झाल्यावर त्यात हात घालू नका.

आणि सगळ्यांना निमंत्रण पाठवताना वेब विनंतीतच लूप चालवू नका. मी एका पतसंस्थेसाठी तसं केलं होतं. गनिकॉर्न 30 सेकंदांनंतर वर्कर मारतो हे माहीत असून विसरलो. अर्ध्यावर पान पडलं, बाईंनी पुन्हा बटण दाबलं, परत पडलं, परत दाबलं. यादीतल्या पहिल्या लोकांना तीन-तीन मेल गेल्या आणि शेवटच्यांना एकही नाही. मॅनेजमेंट कमांड (सर्व्हरवर टर्मिनलमधून चालवायची आज्ञा) लिहा, ज्याला पाठवली त्याच्या नोंदीवर वेळ टाका, रोज शंभर-दीडशे पाठवा. पहिल्या दिवशी न पोचता परत आलेले पत्ते ग्रंथपालांकडून दुरुस्त करून घ्या आणि मगच दुसरा गठ्ठा सोडा.

तर आधी उद्गारचिन्हं मोजा, मग सेंडटेस्टईमेल, मग ‘मूळ दाखवा’मधल्या त्या तीन ओळी. यातलं कुठे अडलं तर लॉगमधली त्रुटीची ओळ पूर्ण लिहा, मी बघतो. या वेळी पासवर्ड खोडून.